सात ठिपक्यांचं आडनाव

नव्वदच्या दशकात माळशेज घाटाजवळच्या मढच्या एसटी थांब्यावर तो गोरा म्हातारा मला भेटला. त्याच्या खिशात इंग्लंडचा नकाशा होता. त्याच्या आडनावाची सातच घरं उरली होती, सगळी एकाच खोऱ्यात. प्रत्येक घराला तांबडा ठिपका. त्याला मूलबाळ नव्हतं, म्हणजे एक ठिपका जाणारच होता.

आपल्याकडे वंशावळ शोधणारा हमखास राजघराण्यापर्यंत पोचतो. हा एका मेंढपाळापर्यंत पोचून खूश होता. पणजोबांचा भाऊ इंग्रजी अमदानीत माळशेजकडे येऊन परतलाच नव्हता. त्याचा वंश इथे सापडेल म्हणून तो आठवडाभर फिरला, पण आठवं घर काही मिळालं नाही.

थांब्यासमोर राहणाऱ्या शेतकऱ्याच्या आडनावाचं अर्धं गाव होतं. माझ्याकडून हे सगळं ऐकून तो मला म्हणाला, "इचारा राव, भावकी नाय तर ह्यो बांधावरनं भांडतो कुणाशी?"

मी इंग्रजीत विचारलं. म्हातारा हसला आणि हळूच म्हणाला, "कुणाशीच नाही. तेच तर शोधत होतो."

शेतकऱ्याने त्याची पिशवी उचलली. "चला पावणं, जेवून जा."

समोर एसटी येऊन थांबली, तसा म्हातारा पिशवी ओढू लागला. दोघं आपापल्या भाषेत कडाकडा भांडले. तेवढ्यात एसटी निघून गेली.

जेवण झाल्यावर म्हाताऱ्याने नकाशाच्या कोऱ्या कडेला, इंग्लंडच्या समुद्राबाहेर, आठवा ठिपका काढला.