केकवर तिरका उजेड

सुजातावहिनींचा फोन आला तेव्हा दुपारचे जेवण व्हायचे होते. "हे गेले, भाऊजी... सकाळी चहा घेता घेता," एवढेच त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, आवाज न बदलता, "तुम्ही लगेच वर या. पाहुणे येतील. फ्रीज कुणाला उघडू देऊ नका, आत यांचा डबा आहे." आमच्या वरच्या मजल्यावरच्या मिलिंदला जाऊन आता दीड महिना होत आला. त्या दिवसाचे ठळक आठवते ते हेच, की संत तुकाराम नगरमधल्या त्या दोन खोल्यांत माणसे मावत नव्हती, दारापर्यंत चपला साचल्या होत्या, आणि वहिनींची बहीण फ्रीजच्या दाराला पाठ लावून बसली होती. आलेल्या प्रत्येकाला पाणी माठातलेच मिळाले.

मिलिंदची सगळी नोकरी चाकणच्या एका मोटार कारखान्यात, पेंट शॉपमध्ये गेली. रंगवलेली बॉडी समोर आली की तिच्यावर तिरका उजेड टाकायचा आणि धुळीचा कण, रंगाचा ओघळ, संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा शोधायचा, हे त्याचे काम. सरळ उजेडात सगळेच गुळगुळीत दिसते, असे तो म्हणे. केक करायच्या त्या वहिनी. वस्तीतले वाढदिवस आणि साखरपुडे त्यांच्या ओट्यावरून जात. मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. चालणे-बोलणे सावरले, उजव्या हाताची पकड मात्र परत आली नाही. क्रीमची पिशवी दाबता येईना. त्यांनी नोझलचा डबा माळ्यावर टाकला आणि ऑर्डरचे फोन आले की "आता नाही करत" असे सांगू लागल्या. मिलिंद त्याच सुमारास निवृत्त झाला होता. त्याने तो डबा खाली काढला. "तू सांग, मी करतो," म्हणाला. दुसऱ्या दिवशी वहिनी खुर्ची ओढून ओट्याजवळ बसल्या.

पहिल्या केकला त्याने जन्मभर केले तेच केले. पेंट शॉपमध्ये रंगाचा कोट चढला की बॉडी भट्टीतून जाते, तेव्हा तो पक्का होतो. म्हणून क्रीमचा पहिला थर लावल्यावर त्याने केस वाळवायचा ड्रायर चालू करून केकसमोर धरला. क्रीम सगळ्या बाजूंनी ताटात उतरले.

"अहो, गाडी आहे का ती?"

"कोट सुकवतोय."

"सुकवायचं नसतं, बसवायचं असतं. फ्रीजमध्ये ठेवा."

"म्हणजे इथली भट्टी थंड?"

"हो, थंड! आता ते चमच्यानं खा."

त्याने खरोखरच चमच्याने खाल्ले आणि उरलेले वाटीत घेऊन खाली आमच्याकडे आला. "राव, सगळं उलटं आहे," हे सांगताना त्याचा चेहरा खुललेला होता. चूक झाल्याचे वाईट वाटण्यापेक्षा ती अशी का झाली, यातच त्याला जास्त रस असे. पुढे लक्षात आले की सगळेच उलटे नव्हते. केकचा भुगा क्रीममध्ये मिसळून पांढरा थर डागाळतो. त्यासाठी आधी पातळ थर देऊन भुगा त्यात अडकवायचा, तो फ्रीजमध्ये बसू द्यायचा आणि मगच वरचा जाड थर लावायचा. "हा तर प्रायमर, रंगाखालचा पहिला हात," तो म्हणाला. पट्टीने क्रीम सारखे करताना प्रत्येक फेरीनंतर ती पुसायची, हेही त्याला शिकवावे लागले नाही. क्रीम फेटणे मात्र जमत नसे. जितके घट्ट तितके चांगले, असा त्याचा समज. ते रवाळ होई. वहिनी खुर्चीतून मिक्सरचा आवाज ऐकत आणि म्हणत, "बंद करा, भरलं ते." तरी फुटायला आलेच, तर त्यात न फेटलेले चमचाभर क्रीम घालून हाताने हलकेच ढवळायला लावत. शेवटी दिवा मालवून मिलिंद टॉर्च काढी आणि केकच्या बगलेला तिरका धरून केकखालचे फिरते चाक हळूहळू फिरवी.

"केकला कोण टॉर्च मारतं?" वहिनी हसत.

"गिऱ्हाईक मारत नाही, म्हणून मी मारतो."

यंदाच्या भीमजयंतीला वस्तीचा मोठा केक पुन्हा वहिनींकडे आला. आजारपणानंतरचे हे पहिले मोठे काम. पांढऱ्या केकवर निळ्या अक्षरांत 'जय भीम'. घरून निघताना टॉर्चच्या उजेडात एकही डाग नव्हता. एप्रिलच्या उकाड्यात समाजमंदिरात फ्रीजमधला केक नेला, झाकण लगेच काढले, आणि भाषणे संपेपर्यंत वर बारीक थेंब जमून निळा रंग खाली पसरला. "अक्षरं पसरली म्हून काय झालं, गोड हाय की," एका आजींनी दुसरा तुकडा घेत सांगितले. बाकी कोणी काही बोलले नाही. वहिनींना ते न बोलणेच लागले. जिना चढताना म्हणाल्या, "बास झालं. आता खरंच बंद करू." मिलिंदने मुदत मागितली. "कारण सापडू दे. मग बंद कर."

त्यानंतर तो भेटेल त्याला एकच विचारू लागला, हे पाणी येते कुठून? फ्रीज दुरुस्त करणाऱ्याला विचारले, पेंट शॉपमधल्या जुन्या सोबत्याला थेरगावला जाऊन विचारले. तो वारला त्याच्या आदल्या संध्याकाळी पायरीवर बसून सांगत होता, "पाणी केकमधलं नाही, राव. हवेतलं. थंड वस्तू दिसली की तिच्यावर बसतं. मग बसू दे की... पण डब्यावर. झाकण लावून बाहेर काढायचा, घाम डब्याला येऊ द्यायचा. तो ओसरला की उघडायचा." पातळ रंगाऐवजी घट्ट जेल रंगाने तीच अक्षरे लिहून एक छोटा केक त्याने डब्यात बंद करून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो वहिनींसमोर उघडायचा, असे ठरले होते.

तिसऱ्या दिवशी पाहुणे पांगल्यावर वहिनींनी मला वर बोलावले. डबा त्यांनी डाव्या हाताने बाहेर काढून टेबलावर ठेवला. थोड्याच वेळात तो बाहेरून धुरकट झाला, मग थेंब आले, थेंब ओघळून टेबलावर पाणी साचले. माझा हात झाकणाकडे गेला. "थांबा, भाऊजी," त्या म्हणाल्या. आम्ही दोघे डब्याकडे पाहत बसून राहिलो... शेवटी डबा कोरडा पडला, तेव्हा त्यांनीच झाकण काढले. अक्षरे जागच्या जागी होती. निळ्याची कड पांढऱ्यात कुठेही शिरली नव्हती. वहिनींनी कडेचे क्रीम बोटावर घेऊन चाखले. मग म्हणाल्या, "क्रीम जरा जास्तच फेटलंय," आणि तेव्हा त्या रडल्या.

गेल्या आठवड्यात रावेतच्या एका वाढदिवसाची ऑर्डर आली, ती त्यांनी नाकारली नाही. बहीण पिशवी दाबते. पट्टी वहिनी डाव्या हाताने चालवतात, हळू, पण थर सारखा होतो. केक झाल्यावर त्यांनी दिवा मालवला आणि टॉर्च माझ्याकडे दिला. मी तो समोरून धरला.

"असा नाही. तिरका."

हात खाली घेतला.

"अजून थोडा... हां, हे धरायचे तसा."

केकच्या बगलेवर मोहरीएवढा एक उंचवटा होता, त्याची सावली लांब पडली होती. वहिनींनी चाक थांबवले.