हिरवं पनीर

दूध आणि भाजीपाला या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे कळंबच्या आमच्या घरमालक काकांनी आयुष्यात कधी मान्य केलं नाही. गोठ्यात एक म्हैस, परसात शेवगा आणि अंबाडी, आणि एस.टी.तून निवृत्त झाल्यामुळे वेळच वेळ. नुसतं पनीर म्हणजे अर्धवट जेवण, असं काकांचं ठाम मत होतं. लिंबाऐवजी अंबाडीच्या आंबट रसानं ते दूध फाडत, त्यात कधी गाजर किसून घालत, कधी मेथी, आणि काकूंनी नुकत्याच धुतलेल्या पंच्यात बांधून वर पाटा ठेवत. एकदा लेकीला बघायला आलेल्या माळकरी पाहुण्यांना त्यांनी बीट घातलेल्या पनीरचा लालभडक रस्सा वाढला. पाहुणे पानावरून उठले. काकूंनी बिटाच्या साली आणून दाखवल्या तेव्हा कुठे ते परत बसले. लग्न ठरलं, पण काकांनी मांडवात स्वयंपाकाकडे फिरकायचं नाही, या अटीवर.

मी या सगळ्याला हसायची. मग मला दिवस गेले, अन्न पोटात ठरेना. पालेभाजीच्या नुसत्या वासानं उलटी व्हायची, गोळ्याही पडून जायच्या. रक्त फार कमी आहे, असंच राहिलं तर बाळाला धोका आहे, असं डॉक्टरीण बाई म्हणाल्या. घरी येऊन मी पायरीवर बसून रडले. काकांनी ते पाहिलं. शेवग्याचा पाला सावलीत वाळवून त्याची पूड केली, ती पनीरमध्ये घातली, आणि तव्यावर परतून मीठमिरी लावून बशी माझ्यापुढे ठेवली.

"वास येते का?"

"नाही."

"मंग खाय. मी इथंच बसून राह्यलो."

ते पोटात ठरलं. रोज ठरत गेलं. पुढच्या तपासणीत रक्त वाढलेलं निघालं. "हा गोळ्यांचा गुण," डॉक्टरीण बाई म्हणाल्या. काकांना सांगितलं तर म्हणाले, "गोळ्यायचाच हाय. पन गोळी टिकाले पोटात काही पाहिजे का नाही?" मुलगी सुखरूप झाली तेव्हा ते दवाखान्याच्या दारातच उभे राहिले, आत आले नाहीत. काकूंनी सांगितलं, डोळे पुसत होते.

आता आम्ही बदली होऊन वणीला आहोत. काकांचे हात थरथरतात, म्हैस विकली. मुलगी मेथी बोटानं ताटाबाहेर सारते.

"पोरगी पालेभाजी खाते का वं?" ते फोनवर विचारतात.

"खाते, काका."

"बरं झालं बापा," म्हणत ते सुटल्यासारखा श्वास सोडतात, आणि फोन ठेवल्यावर मी ताटाबाहेरची मेथी उचलून पुन्हा मुलीच्या ताटात सारते.