शकुकाकींचा राहिलेला केर

कांदिवलीच्या आमच्या चाळीत शकुकाकींच्या खोलीत शिरताना माणसं पाय दोनदा पुसायची. दिवसातून तीनदा केर काढणारी बाई ती! यजमान गिरणीत होते. ते गेल्यावर खानावळीत पोळ्या लाटून काकींनी एकुलत्या एका लेकीला, रत्नप्रभाला, नर्स केलं. पंच्याऐंशीच्या डिसेंबरात रत्नाला लंडनच्या इस्पितळात नोकरी लागली आणि काकींनी विमानाची धास्तीच घेतली. त्या वर्षी विमानांच्या बातम्याही काही धड नव्हत्या.

तिकीट आलं तेव्हा त्यांनी ते माझ्यासमोर धरलं. मुंबईहून निघणार सकाळी सहाला, लंडनला पोचणार अकराला.

"वसुधा, पाचच तास! अगो, सावंतवाडीक जावक यष्टीत अख्खी रात जाता. ह्यां तर गावापेक्षा जवळ!"

काकींचा जीव भांड्यात पडला. मलाही ते पटलं. शंका काढायला आमच्या चाळीत विमानात बसलेलं होतं कोण?

रत्ना गेली त्या सकाळी काकींनी केरसुणी दाराआड उभी केली. घरातून गेलेलं माणूस सुखरूप पोचेपर्यंत केर काढायचा नाही, हा त्यांच्या सासूनं घालून दिलेला नेम. पोचल्यावर रत्नानं फोन करायचा ठरलं होतं, आणि चाळीत फोन फक्त आमच्याकडे. साडेदहालाच काकी येऊन बसल्या.

अकरा वाजले. बारा वाजले. मी चहा केला, तो निवून गेला. जेवायला बोलावलं तर म्हणाल्या, "माका नको." दुपार कलली तरी फोन काही वाजेना. मला त्या फोनचा असा संताप आला! एरवी माझ्या नणंदेच्या रिकाम्या गप्पांसाठी दिवसभर वाजतो मेला. समोर काकींचं दार सताड उघडं होतं. बांधाबांधीतली सुतळी, कागदाचे कपटे, लाडवांचा चुरा, सगळं फरशीवर तसंच. चुऱ्याला मुंग्या लागल्या होत्या, आणि काकी तिकडे बघतसुद्धा नव्हत्या. मला धडकी भरली ती तेव्हा.

दिवेलागणीला फोन वाजला. काकींना उठवेना. मीच उचलला.

"वसुधावहिनी, मी रत्ना. पोचले!"

मी रिसीव्हर काकींच्या कानाला लावला. "खंय होतस गो इतको येळ? पाच तासांचां विमान ना तां?" काकी ओरडल्या आणि रडायलाच लागल्या.

"अगं आई, इथे आत्ता दुपारचे साडेबारा वाजलेत," रत्नाचा आवाज मलाही ऐकू येत होता. "इथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. तिकिटावर पोचायची वेळ इथली लिहितात. दहा-साडेदहा तास लागले मला, वर सामान मिळायला उशीर."

सुटलो बाई! मी देवापुढे दिवा लावला, साखर ठेवली. काकी डोळे पुसत घरी गेल्या, आणि मिनिटभरात केरसुणीचा आवाज आला. मी धावत गेले. तिन्हीसांजेला केर काढला तर लक्ष्मी निघून जाते, असं म्हणत याच बाईनं इतकी वर्षं मला संध्याकाळी केरसुणीला हात लावू दिला नव्हता.

"अहो काकी, दिवे लागले!"

काकींनी मानसुद्धा वर केली नाही.

"हय लागले आसतीत," त्या म्हणाल्या. "माझ्या चेडवाकडे अजून दुपार आसा."