जिनिंगच्या शेजारचा आवाज

आदिलाबादला आमचं घर कापसाच्या जिनिंग मिलला लागून आहे. हंगामात मशिनींची घरघर दिवसभर चालते आणि आम्हाला ती ऐकूही येत नाही. माझ्या आठ वर्षांच्या मुलीचं लक्ष एका जागी टिकावं म्हणून डॉक्टरांनी गोळी सुरू केली, त्याच आठवड्यात मिलही सुरू झाली. ती म्हणाली, कानात काहीतरी वाजतं. भाकरी थापता थापता मी खेकसले, "मिल आहे ती. होईल सवय." मग ती त्याबद्दल बोललीच नाही.

संक्रांतीला मिल बंद होती. अंगणात तीळ निवडताना मला ती कानांवर हात दाबून बसलेली दिसली. विचारलं तर म्हणाली, "अजून वाजून राह्यलं."

डॉक्टरांनी कान तपासले. क्वचित या गोळीनेही असं होऊ शकतं, पण खात्रीनं सांगता येत नाही, म्हणाले. गोळी एकदम बंद करू नका, डोस कमी करून पाहू.

परतताना ऑटोत मी चिडूनच विचारलं, "इतके दिवस काऊन नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "मंग मी सवय करून राह्यली होती."