एका टायमाले एकच काम

एका वेळी दोन कामं करणारा माणूस बेइमान असतो, असं मानणारा गृहस्थ अख्ख्या नागपुरात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोचा थोरला भाऊ निघाला. हे माझे मेहुणे जेवायला बसले की आधी सगळी भाजी संपवतात, मग कोरड्या पोळ्या, मग वाटीभर वरण पितात आणि शेवटी पांढरा भात गिळतात. "पोटात काय मिसळाचं ते मिसळू द्या, माह्या ताटात नको." उमरेडच्या एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना यांनी अक्षता मुठीत दाबून ठेवल्या. "आयकाचं का फेकाचं?" हार घालून झाले, नवरा-नवरी खुर्च्यांवर टेकली, तेव्हा यांनी अख्खी मूठ नवरदेवाच्या डोळ्यांत मारली. सदर भागातल्या यांच्या पंखे-दुरुस्तीच्या दुकानात एक पंखा खोललेला असला की दुसऱ्या गिऱ्हाइकाचं म्हणणंसुद्धा ऐकून घेत नाहीत. अशा माणसाला हट्टी म्हणणं हा हट्टी लोकांचा अपमान आहे.

या महापुरुषाला फुप्फुसाचा कॅन्सर झाला. गाठ छातीतल्या ग्रंथींपर्यंत पोचलेली, त्यामुळे ऑपरेशन जमेना. पण छातीबाहेर कुठे पसरलेली नव्हती. डॉक्टरबाई म्हणाल्या, "काका, तुमची तब्येत झेपण्यासारखी आहे. केमो आणि रेडिएशन सोबतच देऊ. केमोनं गाठ कमजोर पडते, त्याच वेळी रेडिएशनचा मारा केला तर फायदा जास्त."

मेहुण्यांनी हात वर केला. "पयले सलाइन होऊ द्या, मंग शेक. दोन्ही संगं देलं तं फरक कायनं पडला, मले कसं समजीन?"

"तुम्हाला नाही समजलं तरी चालेल, काका. गाठीला समजलं पाहिजे."

हे उठून घरी आले ते आलेच. पुन्हा दुकानात पंखे खोलत बसले. खोकल्याची ढास आली की पाना खाली ठेवून रीतसर खोकायचे. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर, बापानं ओझी वाहून शिकवलेला; मला अडाणीपणाची चीड येते आणि ती मी लपवत नाही. त्यांच्या घरी जाऊन चांगलं सुनावलं, की असाच उशीर केला तर हातात एकही उपचार उरणार नाही. सगळं ऐकून घेऊन म्हणतात, "जवाईबुवा, एवढं समजते तं डॉक्टर काहून नाई झाले?"

वहिनी दाराशी गहू निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अहो, करा ना एकेक. मीबी एकेकच करीन. पयले विधवा होईन, मंग रडीन."

"काय बोलून राहिली वं," मेहुणे पुटपुटले. मग ते माझ्याकडे वळले. "गाडी आणली हाय ना तुमी?"

दोन्ही उपचार सोबत झाले. अन्ननलिका आतून सोलवटली, पातळ पेजही उतरेना. शिव्या सगळ्या मला दिल्या, पण मधे सोडलं नाही. आता गाठ आक्रसली आहे. तिनं पुन्हा डोकं वर काढू नये म्हणून शरीराच्या प्रतिकारशक्तीला जागं करणारं आणखी एक सलाइन सुरू आहे. पुढचं स्कॅन काय सांगतं ते पाहू, एवढंच डॉक्टरबाई म्हणतात. मीही खोदून विचारत नाही.

त्या सलाइनला मीच स्कूटरवर मागे बसवून नेतो-आणतो. परवा परतताना गतिरोधकावरून गाडी उडाली आणि मागे कुणी बसल्याचं वजनच जाणवेना. गाडी थांबवून मागे वळलो. दुपट्ट्यात गुंडाळलेल्या तोंडातून आवाज आला, "हाय ना मी मांगं, जवाईबुवा. चाला."

उरलेला सगळा रस्ता मी गाडी अगदी हळू चालवली.