एका पेन्सिलीच्या दोन होतात तिथे

मंगळवार. दिवाळी नुकतीच झालेली. गोंदियात डोळ्यांच्या डॉक्टरांची तपासणीची खोली. हजर: मी, वय अठ्ठेचाळीस; माझे यजमान; मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दाखवायला आलेल्या सासूबाई; आणि गाडी घेऊन आलेले दीर, विलासभाऊजी.

डॉक्टरांनी एक पेन्सिल माझ्या नाकाकडे आणायला सुरुवात केली. "दोन दिसल्या की सांगा." ती हातभर अंतरावर होती, तेव्हाच मी "दोन" म्हटलं.

"कन्व्हर्जन्स इन्सफिशियन्सी," ते म्हणाले. जवळचं पाहताना दोन्ही डोळे आत वळून एका जागी रोखले जावे लागतात. माझे रोखले जात नव्हते.

"वयानं?" मी विचारलं. मला सगळ्यांनी तेच सांगितलं होतं. डोकं दुखतं, ओळी एकमेकींवर चढतात, म्हटलं की चाळिशी. चष्म्याची भिंगं दोनदा बदलून झाली होती.

डॉक्टर म्हणाले, "शाळकरी मुलांना पेन्सिल अगदी नाकाजवळ आणली तरी एकच दिसते. वय वाढतं तशी दोन दिसण्याची जागा लांब सरकते. पण सगळ्यांची सारखी नाही. आजी, या बरं."

सासूबाईंची पेन्सिल माझ्यापेक्षा कितीतरी जवळ येईपर्यंत एकच राहिली. "मी तं तुयाहून जवान हाय वो," त्या मला म्हणाल्या.

"हे कधीपासून आहे?" डॉक्टरांनी विचारलं. मी आठवत होते, तेवढ्यात यजमानांनी उत्तर दिलं. "दीड वर्ष तरी झालं. तांदूळ पाहताना ही एक डोळा मिटून घेते."

मला हे माहीत नव्हतं.

कामठ्याला घराला लागूनच आमची राईस मिल आहे. आलेल्या धानाच्या नमुन्याचा तांदूळ थाळीत पसरायचा, तुकडा म्हणजे तुटका दाणा, काळा दाणा, खडा वेगळा काढायचा आणि माल कसा आहे ते सांगायचं, हे माझं काम. लग्नानंतर काही वर्षांत ते टेबल माझं झालं.

भाऊजींनी अगदी सहज पुस्ती जोडली, "म्हणून तं वहिनी घरात गेल्या का मी नमुना पुन्हा पाहून घेतो." मग माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचू लागले.

परतताना गाडीत मी यजमानांकडे वळले.

"मले काऊन नाही सांगितलं?" मी विचारलं.

"तुले वाईट वाटंल म्हणून," यजमान म्हणाले.

"मंग आता बरं वाटून राहिलं का?"

मागच्या हंगामात मी माल विकणाऱ्यांशी तुकड्यावरून वाद घातले, माझं म्हणणं सोडलं नाही. माझी पाठ वळली की निकाल दुसराच लागत होता. डोळ्यांनी दगा दिला ते समजू शकते. त्यांना तोंड नाही.

हा त्रास असलेल्यांसाठी सांगते. नुसता नंबर बदलून भागलं नाही, तर डोळे जवळ रोखले जातात का, हे तपासून घ्या. मला प्रिझमचा चष्मा मिळाला. प्रतिमा थोडी सरकवणारी ती भिंगं असतात, डोळ्यांवरचा ताण कमी होतो. शिवाय रोजचा व्यायाम: पेन्सिल लांबून नाकाकडे आणायची, एकच ठेवायची. समोर कोणीतरी बसावं लागतं. थकलेला मेंदू कधीकधी एका डोळ्याचं चित्र बंद करतो. डोळा बाहेर सरकलेला आपल्याला कळत नाही, समोरच्याला दिसतो.

आधी यजमान बसले. पेन्सिल कुठेही असो, ते "बरोबर आहे" म्हणायचे. मला स्वच्छ दोन दिसत असतानाही "बरोबर". तिसऱ्या दिवशी मी त्यांना उठवलं आणि सासूबाईंना बसवलं.

"सुटला! पराला तुया डोरा भाईर!" डोळा बाहेर पळाला की त्या ओरडायच्या. "कायले घाई करतं? हळू आन." मिलमधल्या हमालांनाही ऐकू जायचं. रोज, जेवण झाल्यावर, न चुकता. त्यांच्या त्या ओरडण्याचे उपकार मी विसरणार नाही.

आता पेन्सिल वीतभर अंतरापर्यंत एकच राहते. डॉक्टर म्हणाले, या वयात एवढं पुष्कळ आहे, थांबवलेलं काम सुरू करा. सोमवारपासून मी नमुन्याच्या टेबलावर बसते आहे. डोकं दुखत नाही, दाणा चिमट्यात पहिल्याच वेळी येतो.

मी घरात गेल्यावर भाऊजी अजूनही ती थाळी पुन्हा पाहतात का, हे विचारायचं राहिलं आहे.