मोबाइलात शोधलेली परंड्याची गाडी

धाराशिवच्या स्टँडवर एक पोरगी माझ्याशेजारी येऊन बसली. गाड्यांची वेळ दाखवणारं नवं ॲप म्हाताऱ्यांना जमतं का, ते बघायचं तिचं काम. मला परंड्याजवळच्या सोनारीला आजारी बहिणीकडं उजेडात पोचायचं होतं.

"आजी, ह्यात तुमची परंड्याची गाडी शोधा," म्हणून तिनं मोबाइल दिला आणि स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसली. मी भलतंच दाबलं की तिचे खांदे हलायचे, पण हात निघायचे नाहीत.

"हात मोडलेत का गं तुझे?"

"मी दाखवलं तर आज जमंल. उद्या मी न्हाय इथं, आजी."

गाडी सापडली, पण उन्हात अक्षरं दिसेनात. पदराची सावली करून वाचेपर्यंत परंड्याची गाडी समोरून निघून गेली. मी तिला लई बोलले.

"तुमचं न्हाय, आमचं चुकलं. अक्षरं फिकी हायत," ती म्हणाली. मग धावत जाऊन कंडक्टरला विचारून आली आणि बार्शीहून परंड्याची दुसरी गाडी मिळते म्हणून मला बार्शीच्या गाडीत बसवलं.

बहिणीकडं पोचेपर्यंत अंधार झाला. तरी त्या पोरीवरचा माझा राग टिकला नाही. घरी मी मोबाइल धरला की नातू हिसकावून घेतो आणि स्वतःच दाबतो. म्हणून मला अजून काही येत नाही.